आपल्याकडचे तीन मल्ल : एक तुलना



संतवाङ्मय, शेतमालाचे भाव, राज्यघटना अशा भारदस्त विषयांच्या रांगेत लंगोट कसून उभा राहिलेला आमचा हा विषय काहींना थोडा अप्रशस्त वाटला असेल. आमचे म्हणणे एवढेच की, लातूर-नांदेडकडचा माणूस ज्या प्रश्नावर मनापासून तावातावाने बोलतो, त्या प्रश्नाचा कधीतरी बसून, शांतपणे विचार व्हावा. माळेगावच्या जत्रेत खंडोबाचे दर्शन आटोपून मंडळी आखाड्याकडे वळली, किंवा लातुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्या लागल्या, की हलगीच्या कडकडाटात हा प्रश्न हटकून निघतो. हरिश्चंद्र बिराजदार थोर, काका पवार थोर, की राहुल आवारे? पागोटेवाला म्हातारा म्हणतो, "मामांसारखा गडी पुन्हा होणे नाही." शेजारचा कॉलेजातला मुलगा म्हणतो, "आजोबा, पदके मोजा." आणि मग समोरची कुस्ती कुणाच्या ध्यानात राहत नाही.

हे तिघेही आपल्या भागातले. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, काका पवार लातूर जिल्ह्यातलेच, आणि राहुल आवारे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. तिघांच्या मध्ये दोन पिढ्यांचे अंतर आहे. शिवाय तिघे एकमेकांना परके नाहीत. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर आहे, हे पुढे दिसेलच. तेव्हा तुलना करायची तर ती घरातल्या माणसांची करतो आहोत, हे ध्यानात ठेवून करावी.

तुलना करायला आधी माप लागते, आणि कुस्तीत नेमके मापच दर पंचवीस-तीस वर्षांनी बदललेले आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या भागाबाहेरचे आहे. 1910 साली लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामाने त्याला खाली घेतले, पण तो जो पालथा पडून गादीला चिकटला, तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढे 1928 साली पतियाळाला हेच दोघे पुन्हा भिडले, या खेपेला मातीत, आणि गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. माणसे तीच, दोघांचीही वये वाढलेली. पायाखालची जमीन मात्र बदललेली होती. पहिल्या कुस्तीवरून कुणी दोघांना तुल्यबळ म्हटले असते, दुसरीवरून त्यांची बरोबरीच होत नाही असे म्हटले असते. आता जिथे तीच दोन माणसे असताना ही गत, तिथे 1969 चा मल्ल आणि 2019 चा मल्ल यांना एका तराजूत घालताना हात जरा आखडता घ्यावा लागतो.

तरीही तुलना करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे हा प्रश्न टाळण्याचा सभ्य मार्ग आहे, आणि इथे जमलेल्या मंडळींनी तो आमच्याकडून ऐकून घेतला नसता.

बिराजदारांपासून सुरुवात करू. त्यांचा जन्म 1950 चा. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानातून नुकताच सुटलेला होता. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 1961 साली सुरू झाली, ती आपल्याच औरंगाबादला. म्हणजे मराठवाड्याला या किताबाचे पाय आधीपासून लागलेले होते. किताब घरात यायचा तेवढा बाकी होता. 1969 साली स्पर्धा लातुरात भरली आणि निलंगा तालुक्यातला हा विशीच्या आतला मुलगा महाराष्ट्र केसरी झाला. लातूर त्या वेळी जिल्हासुद्धा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. जिल्हा झाला 1982 साली. ज्या गावाला अजून सरकारदरबारी जिल्ह्याचा मान नव्हता, त्या गावच्या आखाड्यात घरचा मुलगा सबंध राज्याला भारी ठरला, ही गोष्ट जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. ती का येते हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

पुढच्याच वर्षी, 1970 च्या जुलैत, ते एडिंबराला राष्ट्रकुल स्पर्धेत गेले आणि सुवर्णपदक घेऊन आले. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. "मामा मातीतले गडी" असे म्हणण्याची आपल्याला सवय लागलेली आहे. पण एडिंबराची कुस्ती मातीत नव्हती. ती गादीवर होती, घड्याळावर होती, गुणांवर होती. वर्षभरापूर्वी लातूरच्या आखाड्यात शड्डू ठोकणारा मुलगा वर्षभराने परक्या मुलखात, परक्या नियमांत, पायात बूट घालून जिंकला. तेव्हा माती विरुद्ध गादी असा जो वाद आपण घालतो, त्यात बिराजदारांना एका बाजूचे साक्षीदार म्हणून उभे करणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे.

अर्थात लोकांच्या मनात बिराजदार आहेत ते एडिंबरामुळे नाहीत, बेळगावमुळे आहेत. 1977 साली बेळगावच्या मैदानात त्यांची दिल्लीच्या सतपालशी कुस्ती झाली. सतपाल वयाने पाच वर्षांनी लहान, अंगाने भरभक्कम, ऐन उमेदीतला. मातीतल्या जंगी कुस्तीत वजनाचे गट नसतात. जोड ठरवणारे ठरवतात, हाताला हात लागतो, आणि मग ज्याचे ओझे जास्त त्याचे ओझे दुसऱ्याने सोसायचे. त्यात खडाखडी चालते. मानेवर थापा पडतात. एकमेकांचा दम जोखला जातो. मैदानातले हजारो लोक प्रत्येक पवित्र्याला श्वास धरतात आणि सोडतात. गुण नसतात, त्यामुळे थोडीशी आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही. पाठ लागली तर हरलात, नाही लागली तर काहीच झाले नाही. या मैदानात बिराजदारांनी सतपालला हरवले. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि आपला सगळा भाग त्या दिवशी एका गावासारखा आनंदला. "रुस्तुम-ए-हिंद" हा किताब त्यांच्या नावामागे आहेच, पण आमच्या मते बेळगावचा दिवस कुठल्याही किताबाहून मोठा.

हा विजय किती वजनाचा होता हे पुढच्या इतिहासाने दाखवले. हेच सतपाल पाच वर्षांनी, 1982 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेते झाले. म्हणजे ज्याला मामांनी मातीत हरवले, तो आशियातला पहिल्या क्रमांकाचा मल्ल होणार होता. आखाड्याच्या भाषेत सांगायचे तर जोड खोटी नव्हती.

आता काका पवारांकडे वळू. त्यांच्याविषयी पारावर कमी बोलले जाते, आणि त्याचे कारण त्यांच्या कुस्तीच्या प्रकारात आहे. ते लढले ग्रीको-रोमन पद्धतीने, आणि हलक्या वजनात. या पद्धतीत कंबरेच्या खाली हात लावायचा नाही आणि पायाचा उपयोग करायचा नाही. आता मातीत वाढलेल्या मुलाला हे सांगणे म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्याकडे पट काढणे हा कुस्तीचा श्रीगणेशा. टांग, एकलांगी, ढाक या सगळ्या डावांत पाय आहे. ढाक म्हणजे तर आपल्या मैदानाचा राजाच. त्यातून पाय काढून घेतला तर उरते काय? उरते ती छातीला छाती लावून चाललेली झटापट, काखेतून घातलेला हात, कंबरेची पकड, आणि समोरच्याला जमिनीपासून सुटा करून मागे फेकण्याची ताकद. अर्धी विद्या घरी ठेवून उरलेल्या अर्ध्या विद्येवर हा माणूस आंतरराष्ट्रीय मल्ल झाला आणि 1998 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जत्रेतल्या प्रेक्षकाला ही कुस्ती कधी दिसली नाही, कारण जत्रेत ती होतच नाही. म्हणून त्यांचे नाव हलगीवर वाजले नाही. प्रेक्षकाने जे पाहिले नाही त्याचे मोल तो कसे करणार? मात्र आपण इथे मोल करायला बसलो आहोत, तर ही उणीव प्रेक्षकाची आहे, मल्लाची नाही, एवढे नोंदवणे भाग आहे.

राहुल आवारे तिसरा. मल्लाचाच मुलगा, लहानपणीच पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत आला, आणि तिथे त्याला वस्ताद मिळाले ते दुसरे तिसरे कोणी नसून हरिश्चंद्र बिराजदार. कुस्ती सोडल्यावर मामा तिथे पोरे घडवत होते. त्या कामासाठीच त्यांना 2006 साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला असे आम्हाला म्हणायला आवडेल, पण पुरस्कार देणारे सगळ्या कारकिर्दीकडे पाहतात. 14 सप्टेंबर 2011 रोजी मामा गेले. त्याच वर्षी राहुलने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेले होते आणि तो वीस वर्षांचा व्हायचा होता. अशा वयात वस्ताद गेला की अनेक मल्ल तिथेच थांबतात. राहुल काका पवारांकडे गेला. पुण्याला कात्रजजवळ त्यांचे कुस्ती संकुल आहे. तिथे त्याची पुढची घडण झाली.

त्याच्या कुस्तीचे माप तर त्याच्या हयातीतच बदलले. 2011 साली त्याने पदक मिळवले तेव्हा लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे आणि प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा लागे. दोन फेऱ्या ज्याच्या, लढत त्याची. 2013 मध्ये नियम फिरले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, गुणांची बेरीज सुरू झाली, आणि ठरावीक गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपू लागली. पहिल्या नियमांत सावध मल्लाचे फावत होते, दुसऱ्यांत सतत चालून जाणाऱ्याचे. राहुल चालून जाणारा. 2018 साली ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला, राष्ट्रकुल स्पर्धेच्या 57 किलो गटात, अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 असे हरवले. बावीस गुणांची ही लढत. मातीतल्या जुन्या माणसाला हा आकडा क्रिकेटचा वाटेल, पण ती कुस्ती ज्यांनी पाहिली त्यांना त्यात खडाखडीच काय, दम खायलाही फुरसत दिसली नसेल. ते पदक त्याने बिराजदारमामांना वाहिले.

एडिंबरा 1970 आणि गोल्ड कोस्ट 2018. एकाच स्पर्धेचे तेच पदक, मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे, आधी गुरूचे आणि मग शिष्याचे. पदके मोजणाऱ्या कॉलेजच्या मुलासाठी ही बरोबरी झाली. राष्ट्रकुलात इराण, तुर्कस्तान, रशिया यांचे मल्ल तेव्हाही नव्हते आणि आताही नसतात, त्यामुळे दोन्ही पदकांचे सोने साधारण एकाच कसाचे धरायला हरकत नाही. पण राहुलने त्यापुढे एक पाऊल टाकले. 2019 साली कझाकस्तानात नूर-सुलतान येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्याने 61 किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्या लढतीत त्याने अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 असे हरवले. जागतिक पदक मराठवाड्याच्या मातीत त्याआधी आले नव्हते. तेव्हा निव्वळ प्रतिस्पर्ध्यांची कठीणता पाहिली तर, आमच्या मते, तिघांत राहुलचे हे कांस्य सर्वांत अवघड. कांस्य आहे म्हणून ते सुवर्णाच्या खाली लावायचे, ही मोजणी सराफकट्ट्यावर ठीक आहे.

आणि तरीही त्या पदकात एक बोच आहे. 61 किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. ऑलिंपिकला जायचे तर 57 किलोत उतरायला हवे, आणि त्याच नूर-सुलतानला 57 किलोत भारताचा रवी दहिया कांस्यपदकासह ऑलिंपिकची जागा घेऊन आला. पुढे टोकियोला त्याने रौप्यपदक मिळवले. 2016 ला रिओलाही राहुल जाऊ शकला नव्हता. म्हणजे जगातल्या पहिल्या चारांत बसणारा आपला मल्ल ऑलिंपिकच्या दारापर्यंत गेला आणि दाराला त्याच्या वजनाची कडीच नव्हती.

हा रवी दहिया कुठला? दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमचा. तिथे त्याला लहानपणापासून घडवणारे कोण? सतपाल. तेच बेळगावचे सतपाल. 2008 आणि 2012 ची ऑलिंपिक पदके मिळवणारा सुशीलकुमारही त्यांचाच शिष्य. श्रोतेहो, 1977 ची बेळगावची कुस्ती आपण संपली असे समजून फेटे उडवत घरी आलो. पण ते दोघे मल्ल पुढे वस्ताद झाले आणि कुस्ती शिष्यांच्या अंगाने चालूच राहिली. त्या लांबलेल्या कुस्तीत दिल्लीचे पारडे जड झाले, हे कबूल केले पाहिजे. सतपालांच्या हाती एक सरकारी स्टेडियम होते, गाद्या होत्या, आणि मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच तो गादीवर पाय ठेवत होता. आपल्याकडे हुशार मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत जत्रेच्या इनामावर खुराक भागवत होता, कारण दूध, तूप, बदाम यांचा खर्च कोरडवाहू शेतीतून निघत नाही. जत्रेतली कुस्ती मातीत असते, म्हणून त्याचा सरावही मातीत. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी गादीवर कांस्यपदक मिळवून रस्ता दाखवलेला होता. सातारा जिल्ह्यातल्या या मल्लाला तरी गादी कुठे सहज मिळाली होती! 1948 ला लंडनला गेले तेव्हा त्यांना ती नवखीच होती. रस्ता दिसत असूनही आपण मातीच्या अभिमानात त्यावर चालायला उशीर केला. मातीवर आमचा राग नाही. हळद, ताक, लिंबू घालून कालवलेल्या तांबड्या मातीचा वास आम्हालाही आवडतो. पण मुलाच्या हातात दोन वर्षांचे ऑलिंपिकचे वय असते आणि अभिमानाला वयच नसते.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जिव्हारी लागणारी आहे. या तिघांनाही आपण आपले म्हणतो, पण घडले कुठे? बिराजदार कोल्हापुरात आणि मग पुण्यात, काका पवारांचे संकुल पुण्यात, राहुल पुण्यात. लातूरहून मिरजेपर्यंत पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी जात असे, मिरजेपलीकडे कोल्हापूर. अंगात रग असलेल्या मुलाला आपल्या भागाने दिलेली देणगी म्हणजे बहुधा ते तिकीट. नांदेड-लातूरला जत्रा आहेत, प्रेक्षक आहेत, कुस्ती कळणारे डोळे आहेत, आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याची मिरवणूक काढायला हत्तीसुद्धा मिळेल. मधली दहा वर्षे सांभाळणारी जागा तेवढी परगावी आहे. शिकवणीसाठी सबंध महाराष्ट्रातली मुले लातूरला येतात आणि कुस्तीसाठी लातूरची मुले बाहेर जातात, हा व्यवहार आम्हाला विचित्र वाटतो.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे ते देऊन टाकतो. एकच कुस्ती, एकच दिवस, समोर त्या काळातला सर्वांत अवघड गडी, असे माप घेतले तर बिराजदार. जगाच्या बाजारात उतरून आणलेल्या पदकाचे माप घेतले तर राहुल. आणि काका पवार? त्यांच्यासाठी माप 7 जानेवारी 2020 या दिवशी पुण्याला बालेवाडीत दिसले. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात. त्या दिवशी माती विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके होता आणि गादी विभागातून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचे शिष्य. कुणाच्या बाजूने ओरडावे हा प्रश्न त्या दिवशी एकट्या वस्तादालाच पडला असेल. शेवटच्या क्षणापर्यंत ओढाताण चालली आणि हर्षवर्धन 3-2 असा जिंकला. गदा लातूरला आली नाही. पण निकाल लागताच जिंकलेल्याने हरलेल्याला उचलून खांद्यावर घेतले आणि मैदानातून फिरवले, आणि बालेवाडीच्या त्या गर्दीला क्षणभर कळेना की महाराष्ट्र केसरी कोण झाला.